कल्याणच्या खाडींतून समुद्रांत जाण्यास योग्य तारूं कोणतें?

कल्याण-भिवंडीच्या आरमाराचा विषय निघाला म्हणजे "तेथें जहाजें बांधलीं" एवढें लिहून बहुतेक लेखक पुढें जातात. कोणतीं जहाजें, हें सहसा कोणी पुसत नाहीं. जुन्या कागदांत गुराब, गलबत, शिबाड, मचवा हीं नांवें निरनिराळीं येतात, व लिहिणारास त्यांतील भेद पुरता ठाऊक असतो. आज मात्र गलबत म्हणजे कोणतेंही शिडाचें जहाज असा अर्थ रूढ झाला आहे, आणि तेथेंच वाचणारा फसतो. ज्यांच्या संग्रहीं कोंकणपट्टीचे रुमाल आहेत, त्यांच्या उपयोगासाठीं या निवडीची मीमांसा आम्ही येथें करीत आहों.

प्रथम जागा पाहावी. कल्याण उल्हास नदीवर, भरतीचें पाणी पोंचतें त्या टप्प्यांत आहे. खालीं ठाण्यापाशीं खाडीस दोन फांटे फुटतात. एक घोडबंदरावरून वसईस जातो, दुसरा ठाण्याखालून मुंबईच्या बंदरांत उतरतो. तिसरी वाट नाहीं. ऑक्टोबर १६५७ मध्यें कल्याण-भिवंडी शिवाजीमहाराजांच्या हातीं आलीं, तेव्हां वसई, ठाणें व मुंबई हीं तिन्ही ठाणीं पोर्तुगीजांचीं होतीं. कल्याण, भिवंडी व पनवेल येथें लढाऊ नौका तयार होत असल्याची धास्ती १६५९ च्या पोर्तुगीज पत्रव्यवहारांत उघड दिसते. त्या नौका समुद्रांत येऊं नयेत अशी वसईकरांची खटपट होती. बांधकामावरील रुई लैतांव व्हिएगस नांवाचा पोर्तुगीज आपल्या माणसांसह महाराजांची नोकरी सोडून गेला, तो याच खटपटीमुळें.

सबब येथें तारूं निवडतांना पहिला प्रश्न समुद्राचा नव्हे, खाडीचा होता. पाण्यांत फार बुडणारें तारूं गाळावर बसणार. उधाणाची भरती येईपर्यंत तें शत्रूच्या तोफेखालीं राहणार. वारा पडला असतां जें जागचें हलत नाहीं, त्याचीही तीच गति. केवळ शिडावर विसंबणारें मालाचें शिबाड व्यापारास उत्तम, पण या कामास निरुपयोगी.

उथळ तळाचीं लढाऊ तारवें दोन, गुराब आणि गलबत. आंग्र्यांच्या आरमाराचें वर्णन करतांना ऑर्म या इंग्रज इतिहासकारानें यांचीं मापें दिलीं आहेत, तीं वाचकांनीं हाताशीं ठेवावींत. गुराब बहुधा दोन डोलकाठ्यांची व १५० टनांच्या आंतली. तीन डोलकाठ्यांची सुमारें ३०० टनांपर्यंत. लांबीच्या मानानें ती पुष्कळ रुंद, आणि पुढें नाळ लांब निघालेली. समोरून लाट आली कीं ही नाळ जोरानें आपटे. म्हणून तिच्यावर कठडा न ठेवतां ती उघडीच ठेवीत, कीं चढलेलें पाणी वाहून जावें. मोठ्या तोफा नाळेवरूनच समोर मारा करीत. गलबत त्याच घडणीचें, पण क्वचितच ७० टनांवर जाणारें. त्याचें मुख्य शीड तिकोनी व इतकें मोठें कीं चढविल्यावर त्याचें टोंक डोलकाठीच्याही वर जाई. वल्हीं ४० ते ५०. तीं चालवून तें तासास चार मैल जाई. निवडीची सारी किल्ली, आमच्या मतें, या वल्ह्यांत आहे.

खाडींत जो गुण, तोच खुल्या समुद्रांत दोष ठरतो. उथळ तळाचें तारूं वाऱ्याच्या रेट्यानें आडवें सरकतें. पहाटेच्या मतलई वाऱ्यावर किनाऱ्यानें दक्षिणेस जाणें सोपें. उत्तरेस परतणें कठीण, कारण उघाडीच्या दिवसांत दुपारचा वारा बहुधा वायव्येचा. फेब्रुवारी १६६५ मध्यें महाराज मालवणहून बसरूरच्या स्वारीस निघाले, तेव्हां इंग्रजी पत्रांप्रमाणें ८५ लहान लढाऊ तारवें आणि अवघीं तीन मोठीं जहाजें होतीं. परततांना वायव्येच्या जोरदार वाऱ्यानें हें आरमार कांहीं दिवस अडकून पडल्याचें ग्रँट डफ लिहितो. तारवें हलकीं असल्यास असा खोळंबा व्हावयाचाच, व तो पत्करूनच निवड होत असे.

रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रांत (इ. स. १७१५ च्या सुमाराचें) हाच अनुभव राजनीतीच्या भाषेंत उतरला आहे. तारवें फार थोर नकोत, फार लहानही नकोत. वाऱ्यावांचून ज्यांचा उपयोग नाहीं, अशीं थोर जहाजें करण्याचें कारण नाहीं, असा त्याचा आशय आहे. पांच गुराबा व पंधरा गलबतें मिळून एक सुभा, हें प्रमाणही तेथेंच आढळतें. सागवानाच्या तोडीबद्दलची त्यांतील सावधगिरी स्वतंत्र लेखाचा विषय आहे.

म्हणून एखाद्या यादींत "गलबत" असें आलें तर लगेच मोठें जहाज समजूं नये. जवळ वल्हेकऱ्यांची संख्या दिली असल्यास ती पाहावी. शेजारीं गुराब किंवा शिबाड वेगळें लिहिलें असल्यास शब्द नेमक्या अर्थीं आहे असें धरावें. उत्तर-पेशवाईच्या व इंग्रजी अमलांतील कागदांना मात्र ही कसोटी सैल हातानेंच लावावी लागेल.