रॉकेलची बाटली आणि ओव्हरहाउझरचा उलटा हिशेब

देऊळघाटासारख्या एखाद्या गावात विजेच्या तारांपासून दूर, मोकळ्या रानात रॉकेलने भरलेली बाटली ठेवा. तिच्याभोवती तांब्याच्या तारेचं वेटोळं गुंडाळा, त्यातून दोन-तीन सेकंद वीज सोडा आणि झटकन बंद करा. रॉकेलमधल्या हायड्रोजनची अणुकेंद्रं, म्हणजे प्रोटॉन, पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राभोवती सेकंदाला सुमारे १८०० ते १९०० वेळा डोलू लागतात. वेटोळ्यात उमटणारा क्षीण संकेत वाढवून स्पीकरला दिला, तर विरत जाणारी शिट्टी ऐकू येते. तिचा सूर मोजला की त्या जागचं चुंबकीय क्षेत्र कळतं. एमआरआय याच तत्त्वावर चालतो, फक्त तिथला १.५ टेस्लाचा चुंबक पृथ्वीपेक्षा तीसेक हजार पट जबर असतो.

पण आधी वीज का सोडायची? प्रोटॉन क्षेत्राच्या बाजूने किंवा विरुद्ध उभे राहतात आणि संकेत मिळतो तो फक्त मताधिक्याचा, म्हणजे एका बाजूला जास्त असलेल्या प्रोटॉनचा. १.५ टेस्लाच्या यंत्रात हे मताधिक्य एक कोटीत पन्नासच्या आसपास असतं. डोक्याच्या तपासणीसाठी निघालेल्या ०.०६४ टेस्लाच्या फिरत्या यंत्रात ते कोटीत दोनावर येतं. नुसत्या पृथ्वीच्या क्षेत्रात हजार कोटींत एखाद-दुसरं. वेटोळ्यातली वीज हे मताधिक्य क्षणभर वाढवते. चुंबक न वाढवता ते हजारो पटींनी वाढवणं म्हणजे हायपरपोलरायझेशन.

त्याची पहिली युक्ती १९५३ मध्ये भौतिकशास्त्रज्ञ अल्बर्ट ओव्हरहाउझर यांनी मांडली. इलेक्ट्रॉनचं चुंबकत्व प्रोटॉनच्या सुमारे ६५८ पट. रेडिओलहरींनी इलेक्ट्रॉन ढवळले, तर त्यांची शिस्त, म्हणजे एका बाजूने उभं राहणं, अणुकेंद्रांकडे जाईल, असं ते म्हणत होते. ढवळल्याने शिस्त वाढते, हा हिशेब उलटाच! नॉर्मन रॅमसेंसारख्या दिग्गजालाही तो पटला नव्हता. कार्व्हर आणि स्लिक्टर यांनी त्याच वर्षी लिथियम धातूवर तो खरा करून दाखवला, तोही जेमतेम तीन मिलिटेस्लाच्या क्षेत्रात. म्हणजे या विद्येचा जन्मच दुबळ्या चुंबकाजवळ झाला.

आपल्याकडे या गोष्टीची, म्हणजे पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र मोजण्याची, वाट अलिबागकडे जाते. मुंबईच्या ट्राम विजेवर धावणार, म्हणजे कुलाब्याच्या वेधशाळेतली चुंबकीय मोजणी बिघडणार, हे ओळखून तिथले संचालक नानाभाई मूस यांच्या कारकिर्दीत १९०४ मध्ये अलिबागची वेधशाळा सुरू झाली. आज ती भारतीय भूचुंबकत्व संस्थेकडे आहे. जगभरच्या अशा वेधशाळांत आता ओव्हरहाउझर मॅग्नेटोमीटर रुळला आहे. त्यातल्या द्रवात सुटे इलेक्ट्रॉन असलेलं रसायन असतं, त्यामुळे दरवेळी विजेचा मोठा झटका द्यावा लागत नाही आणि मोजणी अखंड चालते.

माणसाच्या शरीरात ही युक्ती नेणं मात्र अवघड. त्याऐवजी झेनॉन वायू लेसर आणि रुबिडियमच्या वाफेने शिस्तीत आणून रुग्णाला श्वासातून देतात. फुप्फुसांच्या या तपासणीला अमेरिकेत डिसेंबर २०२२ मध्ये परवानगी मिळाली. स्वस्त वाट हायड्रोजनची. तो द्रव नायट्रोजनच्या थंडीत उत्प्रेरकावरून नेला की त्याचा निम्मा भाग ‘पॅराहायड्रोजन’, म्हणजे शिस्तीतला हायड्रोजन, होतो. (द्रव नायट्रोजनचे कॅन खेड्यातल्या गुरांच्या दवाखान्यातही असतात, कृत्रिम रेतनासाठी.) २००९ मध्ये इंग्लंडातल्या यॉर्कच्या संशोधकांनी इरिडियमच्या संयुगावर हा हायड्रोजन आणि हवा तो रेणू एकत्र आणून, काही मिलिटेस्लातच त्याची शिस्त रेणूला देऊन दाखवली. नायट्रोजन-१५ अणूंसाठी तर एक मायक्रोटेस्लाहूनही कमी क्षेत्र लागतं. पृथ्वीचं क्षेत्रही तिथे जास्त होतं, म्हणून या मिश्रणाची बाटली चुंबकरोधी धातूच्या नळकांड्यात ठेवतात!

अडचणी दोन. अशा रेणूंचा द्रव रुग्णाला टोचण्याआधी त्यातून इरिडियम काढून टाकावं लागतं, आणि कमावलेली शिस्त बहुतेक रेणूंत मिनिटा-दोन मिनिटांत ओसरते. औषध रुग्णाशेजारीच बनवायचं आणि लगेच वापरायचं. तालुक्याच्या दवाखान्यात परवडेल असा छोट्या चुंबकाचा एमआरआय आधी येईल, हायपरपोलरायझेशन त्याच्या बरंच मागून. तोवर डॉक्टरांनी एमआरआय लिहून दिला, तर नेहमीचाच करून घ्यावा. नव्या तंत्राची वाट पाहत तपासणी लांबवू नये.