शेवंड-सापळ्यांचे दोर व शिडाच्या नौका

अमेरिकेतील मेन राज्याच्या किनाऱ्यावर शेवंडींचे सापळे तळाशी ठेवून त्यांचे दोर बोयांना बांधतात. एका परवान्यावर जास्तीत जास्त ८०० सापळे लावता येतात. पूर्वेकडे भरती-ओहोटीतील फरक मोठा असल्याने मुख्य बोयाजवळ दुसरा लहान बोयाही असतो व या दोहोंमधील दोरात नौका सहज गुंतते. पठाण (तळाचा कणा) व सुकाणू अलग असणाऱ्या नौकांना हा धोका विशेष. मागील बाजूने अडकलेल्या नौकेत लाटा शिरू शकतात. अशा वेळी प्रचालक प्रथम थांबवितात. शिडे उतरवून दोरावरील ताण घालवितात आणि आकडीच्या काठीने दोर खाली दाबून सुकाणूखालून सोडवितात. घाईने चाकू चालविणे रास्त नव्हे; सापळा तळाशीच राहून कोळ्याचे नुकसान होते, शिवाय परक्याच्या सापळ्यांशी छेडछाड तेथील कायद्याने निषिद्ध आहे. नाइलाजाने दोर कापल्यास दोन्ही टोके धरून ठेवून पुन्हा गाठतात.