तालमीची खोली आणि आवाजाचा अटकाव

खोलीतला आवाज बाहेर जाऊ न देणे आणि खोलीच्या आत तो स्वच्छ ऐकू येणे, ही दोन निराळी कामे आहेत. पहिले काम वजनाने आणि फटी बुजवून साधते. दुसरे मऊ, सच्छिद्र थराने. भिंतींना फोम चिकटवला की खोली साउंडप्रूफ झाली, या समजुतीपायी घरगुती स्टुडिओवरचा बराच पैसा वाया जातो. फोम शोषतो तो आतल्या आत घुमणारा आवाज. ढोलकीची थाप त्यातून जवळजवळ तशीच भिंतीपर्यंत पोचते आणि भिंतीतून शेजाऱ्याच्या घरात शिरते. अंड्यांचे ट्रे आणि थर्माकोल तर यांतल्या कोणत्याच कामाचे नाहीत, शिवाय ते झपाट्याने पेटतात.

चंद्रपूर जिल्ह्यातल्या सिंदेवाहीसारख्या गावात अशा खोलीची गरज खरी आहे. दिवाळीनंतर झाडीपट्टी रंगभूमीचा हंगाम सुरू होतो. वडसा म्हणजे देसाईगंजहून निघणाऱ्या नाटक कंपन्या मंडईच्या जत्रा आणि शंकरपटाच्या बैलशर्यती यांच्या निमित्ताने गावोगावी रात्रभर प्रयोग करतात. या रंगभूमीवरचे कलावंत परशुराम खुणे यांना 2023 साली पद्मश्री मिळाली. इथल्या नाटकाला गाण्यांवाचून रंग चढत नाही, आणि ती गाणी रंगमंचापुढे बसलेले वादक प्रत्यक्ष वाजवतात: ऑर्गन, तबला, क्लॅरिनेट आणि अलीकडे ऑक्टोपॅड. त्यांचा सराव, भजनी मंडळांच्या तालमी, गाण्यांचे रेकॉर्डिंग हे सगळे बहुधा राहत्या घरातच होते, तेही दिवसाची कामे आटोपल्यावर.

2000 सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार निवासी भागात आवाजाची मर्यादा दिवसा 55 आणि रात्री 45 डेसिबल आहे. रात्र म्हणजे 10 ते सकाळी 6. खासगी जागेतल्या ध्वनियंत्रणेचा आवाज त्या जागेच्या हद्दीवर या मर्यादेपेक्षा 5 डेसिबलहून अधिक वाढता कामा नये. बंद खोलीत ढोलकी आणि स्पीकरवरचा ऑक्टोपॅड मिळून 95 ते 100 डेसिबल सहज गाठतात. म्हणजे भिंतीने सुमारे 50 डेसिबल अडवले पाहिजेत. डेसिबलच्या मापात दर 10 ला ऊर्जा दहापट होते, त्यामुळे 50 डेसिबलची घट म्हणजे आवाजाच्या ऊर्जेचा एक लाखावा भागच पलीकडे जाणे. एवढे मोठे काम हलक्या पडद्यांनी होण्यासारखे नाही.

आवाज भिंतीला हलवतो आणि हललेली भिंत पलीकडची हवा हलवते. जड भिंत हलवणे अवघड, म्हणून ती आवाज अधिक अडवते. वजन दुप्पट झाले की अटकाव साधारण 5 ते 6 डेसिबलने वाढतो. दोन्ही बाजूंनी प्लास्टर केलेली नऊ इंची विटांची भिंत 50 डेसिबलच्या आसपास अडवते. साडेचार इंची भिंत त्याहून बरीच कमी. अर्ध्या मिलिमीटरच्या टिनाच्या पत्र्याकडून फारशी अपेक्षा नको. जुन्या घरांतल्या हात-दीड हात जाडीच्या मातीच्या भिंती या कामाला फार चांगल्या, आणि त्या पाडून पातळ भिंत बांधणे हे तालमीच्या दृष्टीने नुकसानच. त्या घरांत आवाज निसटतो तो वरून, कवेलूंच्या फटींमधून.

फटींचा हिशेब कठोर आहे. भिंतीच्या एक टक्का जागेत भोक असेल, तर भिंत कितीही जाड असो, एकूण अटकाव 20 डेसिबलच्या वर जात नाही. बारा चौरस मीटरच्या भिंतीत तीन फुटी दार असेल आणि त्याखाली एक सेंटीमीटरची फट राहिली, तर 50 डेसिबलची भिंत 31 वर घसरते. शेताच्या धुऱ्याला एक भोक राहिले की धानाच्या बांधीत पाणी ठरत नाही, तसेच हे. म्हणून दार भरीव लाकडाचे, चौकटीला चारही बाजूंनी रबराची पट्टी, उंबरठा उंच; शक्य असेल तर मध्ये मोकळी जागा सोडून एकामागे एक दोन दारे. खिडकी नकोच, हवीच असेल तर 6 आणि 10 मिलिमीटर अशा वेगवेगळ्या जाडीच्या दोन काचा, मध्ये निदान चार इंच हवा. विजेच्या बोर्डांची आरपार भोकेही बुजवावी लागतात.

तळघराचा मोह इथेच पडतो. चारही बाजूंनी माती असली की भिंतींची चिंता उरत नाही, आणि खालच्या पट्टीतला घुमारा अडवण्यात मातीच्या तोडीचे काही नाही. पण सिंदेवाही हा धानाचा आणि तलावांचा मुलूख. पावसाळ्यात बांध्या भरल्या की जमिनीतले पाणी वर येते आणि तळघराच्या भिंतींवर बाहेरून दाब देते. आतून रंग किंवा रसायन मारून तो दाब थांबत नाही. भिंतीला बाहेरून जलरोधक थर, पायाभोवती पाणी वाहून नेणारी नाली आणि पंपासह खड्डा, हे सगळे बांधकामाच्या वेळीच व्हावे लागते. ओल शिरली तर आवाज शोषायला भरलेले ग्लासवूल निकामी होते, तबल्या-डग्ग्याची पुडी उतरते, माइक गंजतो. आधीच उभ्या घराखाली खोदणे तर पायालाच धोका. अभियंत्याशिवाय आणि नगरपंचायतीच्या परवानगीशिवाय तो विचारही करू नये. उंचवट्यावरच्या नव्या घरात तळघर जरूर करावे. बांधीला किंवा तलावाला लागून असलेल्या घरात मात्र तळमजल्यावरची, स्लॅबखालची, मधली खोली निःसंशय बरी.

तळघराला एक उघडी बाजू उरतेच, ती म्हणजे छत. तेच वरच्या घराची फरशी असते, आणि डग्ग्याचे कंपन स्लॅबमधून थेट माजघरात पोचते. त्यावर खरा उपाय खोलीत खोली बांधण्याचा. रबराच्या ठोकळ्यांवर लाकडी फरशी तरंगती ठेवायची. तिच्यावर बाहेरच्या भिंतीला कुठेही न टेकणारा सांगाडा उभा करायचा. त्याला जिप्सम बोर्डाचे दोन थर लावायचे आणि मधल्या पोकळीत ग्लासवूल भरायचे. छतही याच आतल्या सांगाड्यावर तोलायचे. दोन भिंतींना जोडणारा एकच खिळा किंवा पोकळीत पडलेला मसाल्याचा गोळा कंपनाला वाट करून देतो, म्हणून हे काम होताना मालकाने समोर उभे राहावे.

हीच रचना बाहेरचे आवाजही आत येऊ देत नाही. भारतातला पहिला बोलपट ‘आलम आरा’ 1931 मध्ये पडद्यावर आला. त्याचा स्टुडिओ रेल्वेमार्गाजवळ असल्याने गाड्या थांबलेल्या असतील तेव्हा, रात्री उशिरा, चित्रीकरण करावे लागले. सिंदेवाहीही गोंदिया–बल्लारशा मार्गावर आहे. गाडीची धडधड जमिनीतून येते आणि तिला तरंगती फरशीच रोखते. टिनाच्या छपरावरचा पाऊस तर रेकॉर्डिंग अशक्यच करतो. तिथे पत्र्याखाली वेगळे जड छत हवे.

इतकी बंद खोली माणसाला कोंडते. या जिल्ह्यात उन्हाळा 45 अंशांच्या पुढे जातो, आणि बसलेला प्रत्येक माणूस सुमारे 100 वॅट उष्णता सोडतो. स्प्लिट एसी हवा गार करतो, पण बाहेरची ताजी हवा आणत नाही. त्यासाठी आतून ग्लासवूल लावलेली, दोन वळणांची रुंद नळी येणाऱ्या हवेला एक आणि जाणाऱ्या हवेला एक अशी बसवावी. नळी रुंद असली की हवा हळू वाहते आणि तिचा सूं-सूं आवाज माइकमध्ये उतरत नाही.

आतल्या घुमण्याचा हिशेब हार्वर्ड विद्यापीठातल्या वॉलेस सबाइन यांनी घालून दिला. 1895 मध्ये त्यांच्याकडे एका सभागृहाचे काम आले, जिथे व्याख्यात्याचे शब्द एकमेकांत मिसळून जात. रात्रीच्या शांततेत खुर्च्यांवरच्या गाद्या मांडत आणि काढत त्यांनी आवाज विरायला लागणारा वेळ मोजला. त्यांच्या सूत्राने 4 मीटर लांब, साडेतीन रुंद आणि 3 उंच अशा नुसत्या प्लास्टरच्या रिकाम्या खोलीत आवाज सुमारे 3 सेकंद रेंगाळतो. रेकॉर्डिंगसाठी तो 0.3 ते 0.4 सेकंद हवा, आणि त्यासाठी दोन इंची ग्लासवूलचे, कापडात मढवलेले साधारण 20 चौरस मीटर तक्ते लागतात. खर्च जमत नसेल तर जाड गोधड्या आणि कापसाच्या गाद्या वरच्या पट्टीपुरते हे काम बऱ्यापैकी करतात. खालची पट्टी त्यांना दाद देत नाही, कारण 100 हर्ट्झच्या लहरीची लांबीच सुमारे साडेतीन मीटर असते. तिच्यासाठी खोलीच्या कोपऱ्यांत जमिनीपासून छतापर्यंत फूटभर जाडीचे ग्लासवूलचे खांब उभारतात. दहा फूट लांब, तितकीच रुंद आणि तितकीच उंच खोली टाळावी. तिच्यात तिन्ही दिशांची घुमी 56 हर्ट्झवरच एकवटते, आणि डग्ग्याचा एखादा घुमारा बाकी सगळ्या वाद्यांवर चढून बसतो.