एडवर्ड लिअर : पायपीट, रेखाटन आणि शिकवणी

एडवर्ड लिअर (१८१२–१८८८) याचे नाव आज इंग्रजी वाचणाऱ्या घरांत पाच ओळींच्या वात्रट कवितांमुळे घेतले जाते. त्याचे पोट मात्र चालले ते निसर्गचित्रांवर आणि चित्रकलेच्या शिकवण्यांवर. पन्नास वर्षे हा माणूस खांद्याला कागदाचा गठ्ठा लावून इटली, ग्रीस, अल्बेनिया, इजिप्त, पॅलेस्टाइन आणि शेवटी हिंदुस्थान फिरला, आणि जिथे थांबला तिथे कोणाला ना कोणाला चित्र काढायला शिकवत राहिला.

लंडनजवळच्या हॉलोवे गावात १२ मे १८१२ रोजी त्याचा जन्म झाला. एकवीस भावंडांत तो विसावा. वडील शेअरबाजारातले दलाल. लिअर चार वर्षांचा असताना घराची घडी विस्कटली आणि त्याला वाढवण्याचे काम एकवीस वर्षांनी मोठ्या असलेल्या ॲन या बहिणीकडे आले. पाचव्या-सहाव्या वर्षापासून त्याला अपस्माराचे झटके येत. त्या काळात या आजाराला मोठी लाज चिकटलेली होती. त्याने तो जन्मभर जवळच्या मित्रांपासूनही लपवला आणि झटका आला की रोजनिशीत फक्त एक फुली मारली. दमा होता, नजरही अधू होती. असा माणूस पुढे खेचरावर बसून डोंगर तुडवत फिरला, ही गोष्ट त्याची चित्रे पाहताना विसरता येत नाही.

पंधराव्या वर्षी तो कमवायला लागला. छापील चित्रांत रंग भरणे, पंखे रंगवणे, दुकानात विकायला छोटी चित्रे काढणे, डॉक्टरांना रोगट अवयवांची चित्रे करून देणे, मिळेल ते काम त्याने केले. अठराव्या वर्षी लंडनच्या प्राणिसंग्रहालयात बसून त्याने पोपटांची चित्रे काढायला घेतली. त्या वेळचे बहुतेक पक्षीचित्रकार पेंढा भरलेले पक्षी समोर ठेवत. लिअर जिवंत पक्षी पाहून काढी. रखवालदाराने पोपट धरायचा, याने पंख नि चोच मोजायची, अशी पद्धत होती. १८३० ते १८३२ या काळात या मालेतली ४२ चित्रे निघाली. शिळाछापाच्या दगडावर रेखाटन त्याने स्वतः केले आणि प्रती १७५ वर थांबवल्या. पैशांचा मेळ बसला नाही, पण नाव झाले. निळ्या मकाव पोपटांच्या एका जातीच्या शास्त्रीय नावात आजही लिअर आहे. पक्षितज्ज्ञ जॉन गूल्ड याची पत्नी एलिझाबेथ हिला दगडावर चित्र उतरवण्याचे तंत्र आत्मसात करताना त्याची मदत झाली. विसाव्या वर्षाच्या आसपास तो असा शिक्षकही झाला होता.

पुढची काही वर्षे लिव्हरपूलजवळच्या नोज्ली हॉलमध्ये गेली. डर्बीच्या सरदारांचा तिथे खासगी प्राणिसंग्रह होता आणि त्यातल्या पशुपक्ष्यांची चित्रे काढायला लिअरला नेमले होते. वाड्यातल्या मुलांसाठी रचलेल्या वात्रट कविता पुढे १८४६ साली पुस्तकरूपाने निघाल्या. पण पिसापिसाची बारीक कामे त्याच्या डोळ्यांना झेपेनात आणि इंग्लंडची थंडी छातीला मानवेना. १८३७ साली डर्बी घराण्याच्या मदतीने तो रोमला गेला. निसर्गचित्र हे त्याचे काम झाले ते तिथून.

रोममध्ये त्याचे वर्ष ठरून गेले. हिवाळ्यात शहरात राहून हौशी इंग्रज प्रवाशांना शिकवायचे आणि चित्रे विकायची, उन्हाळ्यात डोंगरात पायी भटकायचे. कॅमेरा त्या वेळी नुकताच जन्मला होता आणि प्रवासात वागवण्याजोगा नव्हता. दूरचा देश कसा दिसतो हे घरी बसलेल्यांना चित्रकाराच्या हातूनच कळे. त्यामुळे अशा चित्रांना गिऱ्हाईक होते आणि ती खरी असावीत अशी अपेक्षाही होती.

लिअरची काम करण्याची रीत नीट समजून घेण्यासारखी आहे. जागेवर तो फक्त पेन्सिल वापरी. डोंगराची कड, झाडांचे पुंजके, वाट, गावाची घरे भरभर मांडून झाली की त्या रेषांमध्येच तो शब्द लिही : इथला खडक कसला, तिथले झाड कोणते, सावली कुठपर्यंत, आकाशाचा रंग कोणता. कोपऱ्यात ठिकाण, तारीख, चित्राचा क्रमांक आणि बहुतेक वेळा घड्याळातली वेळसुद्धा. एकाच दरीची सकाळची आणि कलत्या उन्हातली अशी वेगवेगळी पाने त्याने केली आहेत. मुक्कामी परतल्यावर, कधी महिन्यांनंतर, तो पेन्सिलीच्या रेषा शाईने पक्क्या करी. लिहिलेले शब्दही शाईने गिरवी. मग त्यावर जलरंगाचा पातळ हात. म्हणजे पानावर दिसणारा रंग बऱ्याचदा शब्दांवरून आठवून लावलेला असतो. तरी तो खरा वाटतो, कारण टिपण करतानाची नजर पक्की होती. या पानांना तो विकायचा माल मानत नसे. मोठी जलरंगचित्रे आणि तैलचित्रे करण्यासाठीचा तो कच्चा साठा होता, आणि तो त्याने कपाटांत लावून ठेवला.

१८४६ साली इटलीतल्या भटकंतीचे त्याचे सचित्र पुस्तक निघाले. ते व्हिक्टोरिया राणीच्या पाहण्यात आले आणि तिने त्याला शिकवायला बोलावले. जुलै महिन्यात आधी आइल ऑफ वाइट बेटावरच्या ऑस्बोर्न हाउसमध्ये आणि नंतर बकिंगहॅम राजवाड्यात मिळून बारा शिकवण्या झाल्या. राणी तेव्हा सत्तावीस वर्षांची होती. लिअर तिच्यासमोर स्वतः चित्र काढून दाखवी आणि ती ते पाहून काढी. तो फार छान शिकवतो, अशी नोंद राणीने आपल्या रोजनिशीत केली आहे. नियम पाठ करून घेण्यापेक्षा शिक्षकाचा हात प्रत्यक्ष चालताना पाहणे विद्यार्थ्याला जास्त देऊन जाते, हे लिअर ओळखून होता. आपल्याकडे गवयाचे किंवा सोनाराचे पोर शिकते ते याच वाटेने.

राणीचा शिक्षक झालेला हा माणूस चारच वर्षांनी स्वतः विद्यार्थी झाला. कलाशाळेत आपण कधी शिकलो नाही, मनुष्याकृती आपल्याला जमत नाही, ही खंत त्याला बोचत होती. १८५० साली, सदतिसाव्या वर्षी, त्याने लंडनच्या रॉयल ॲकॅडमीच्या शाळेत पोरसवदा मुलांबरोबर प्रवेश घेतला. तिथे त्याचे मन फार रमले नाही. खरा गुरू भेटला तो १८५२ मध्ये : विल्यम होल्मन हंट, लिअरपेक्षा पंधरा वर्षांनी लहान. हंटने त्याला तैलरंगाची शिस्त लावली. लिअर त्याचे म्हणणे वहीत उतरवून घेई आणि वयाने लहान असलेल्या या गुरूला वडीलकीच्या नावाने हाक मारी.

भटकंती चालूच होती. १८४८ साली इटलीत राजकीय उलथापालथ सुरू झाल्यावर तो कॉर्फू, अथेन्स, कॉन्स्टँटिनोपल आणि अल्बेनियात गेला. त्या प्रवासाची रोजनिशी १८५१ साली छापली गेली, आणि ती आजही वाचावी अशी आहे. १८५८ साली पेट्रामध्ये अरब टोळ्यांनी त्याला घेरले आणि खिशांतले सगळे, नाण्यांपासून उकडलेल्या अंड्यांपर्यंत, काढून घेतले. अशा प्रवासांत १८५६ पासून त्याच्यासोबत जॉर्जो कोकाली होता. कॉर्फूत राहणारा हा सुलिओट माणूस त्याचा स्वयंपाकी, सामानवाहक आणि सोबती होता. लिअरने त्याला लिहायला-वाचायला शिकवले आणि त्याच्या कुटुंबाचा भारही उचलला. १८८३ साली जॉर्जो वारला तेव्हा या सोबतीला सत्तावीस वर्षे झाली होती.

पैशांची ओढाताण मात्र कधी संपली नाही. तैलचित्रांना वेळ लागे आणि गिऱ्हाईक मिळेल याची खात्री नसे. म्हणून १८६० नंतर त्याने एका वेळी साठ जलरंगचित्रे करण्याचा घाट घातला. साठही कागद मांडायचे, सगळ्यांवर आधी रेषा, मग सगळ्यांवर एक रंग, मग पुढचा. या चित्रांना तो स्वतःच ‘जुलमी’ म्हणे. त्यांत हात सफाईचा आहे, पण जागेवरच्या पानांतली धग नाही.

हिंदुस्थानचा प्रवास घडला तो मित्रामुळे. व्हाइसरॉय लॉर्ड नॉर्थब्रुकने निमंत्रण दिले आणि नोव्हेंबर १८७३ मध्ये लिअर जॉर्जोसह मुंबईत उतरला. वय एकसष्ट. मुंबईच्या बंदराने, माणसांच्या कपड्यांच्या रंगांनी आणि नारळी-पोफळींनी तो अक्षरशः वेडावून गेला, हे त्याच्या रोजनिशीतून कळते. बनारसचे घाट त्याने नावेतून रेखाटले. नाव सरकत राही, चित्र तेवढ्यात उरकावे लागे. जानेवारी १८७४ मध्ये दार्जिलिंगहून कांचनजंगा पाहिले. इतके दूर आणि इतके अफाट शिखर कागदावर बसवायचे कसे, या विचाराने तो अडखळला. तरी पुढे त्याने त्याची मोठी तैलचित्रे केली, जवळची झाडे-नेचे बारकाईने रंगवून आणि शिखर त्यांच्यावर धूसर उभे करून. १८७४ च्या पावसाळ्यात तो पुण्यात होता. त्याच जुलैत मुंबईच्या ‘टाइम्स ऑफ इंडिया’त त्याची एक कविता छापून आली. तिच्यात ओळखीचे देशी शब्द मुद्दाम भलत्या अर्थाने येतात : धोब्यावर कोणी बसते आणि नदीत सोनेरी परांचे चपराशी पोहतात. मराठी वाचकाला हा विनोद इंग्रजापेक्षाही चटकन भिडेल. त्यानंतर हैदराबाद, मद्रास, महाबलीपुरम, तंजावर, मलबार आणि सिलोन. सिलोनमध्ये जॉर्जो हगवणीने आजारी पडला आणि जानेवारी १८७५ मध्ये दोघे मुंबईहून परत निघाले.

शेवटची वर्षे इटलीतल्या सान रेमोमध्ये गेली. १८७१ साली त्याने तिथे घर बांधले होते. काही वर्षांनी समोर मोठे हॉटेल उभे राहिले आणि चित्रशाळेतला प्रकाश गेला. तेव्हा त्याने तशाच नकाशाचे दुसरे घर बांधले आणि १८८१ मध्ये तिथे राहायला गेला. शेजारच्या काँग्रीव्ह कुटुंबातल्या ह्युबर्ट या मुलाला तो चित्रकला शिकवी आणि भटकायला बरोबर नेई. ह्युबर्टने मोठेपणी त्या आठवणी लिहिल्या. जॉर्जो जेवण आणि कागद घेऊन चाले. मनाजोगी जागा आली की लिअर बसे, चष्मा कपाळावर सरकवी आणि एकनळी दुर्बिणीतून काही मिनिटे नुसता पाहत राही. मग दुर्बीण खाली ठेवून, चष्मा सारखा करून, डोंगररांगा, गावे आणि समोरची झाडे तो इतक्या झपाट्याने आणि बिनचूक कागदावर उतरवी की पोरगा थक्क होई. पाहण्याला वेळ, काढण्याला घाई नव्हे पण वेग, हा त्याचा धडा होता आणि तो शब्दांत सांगावा लागत नव्हता.

लिअर २९ जानेवारी १८८८ रोजी सान रेमोमध्ये वारला. ज्या तैलचित्रांवर त्याने आशा ठेवली होती त्यांना त्याच्या हयातीत हवा तसा मान मिळाला नाही. कपाटांतली रेखाटने मित्र फ्रँकलिन लशिंग्टनकडे गेली आणि पुढे संग्राहकांच्या हाती आली. त्यांतली साडेतीन हजारांहून अधिक अमेरिकेतल्या हार्वर्ड विद्यापीठाच्या हॉटन ग्रंथालयात आहेत. १८५८ ते १८८७ या काळातल्या त्याच्या तीस रोजनिश्याही तिथेच आहेत. आज जाणकार लिअरची थोरवी मोजतात ती मुख्यतः या पानांवरून : ज्यांवर तारीख, वेळ आणि रंगांची नावे लिहिलेली आहेत, आणि जी त्याने कधी विकायला काढली नव्हती.