फाइल शाबूत आहे: विंडोज बदलल्यावर अडलेले व्हिडिओ पुन्हा चालू करताना

दिवाळीनंतर आगरदांड्याला मामांकडे गेलो, तर पायरीवरच मामी म्हणाली, "बरं झालं आलास. ताईच्या लग्नाचा व्हिडिओ मुका झालाय रे."

१४ ऑक्टोबर २०२५ला विंडोज १०चा नियमित सपोर्ट संपला, म्हणून मामांनी कॉम्प्युटर दुकानात नेऊन विंडोज ११ टाकून घेतलं होतं. दुकानदाराने सी ड्राइव्ह फॉरमॅट केला आणि डी ड्राइव्हवरचे फोटो-व्हिडिओ तसेच ठेवले. मशीन घरी आलं आणि तीन तक्रारी सुरू झाल्या. लग्नाच्या व्हिडिओत चित्र दिसत होतं, आवाज नव्हता. दादाने आयफोनवर काढलेले व्हिडिओ उघडतच नव्हते. यूट्यूबवरचं कीर्तन दर दोन शब्दांनी अडखळत होतं.

मामांना वाटलं, फाइली खराब झाल्या. तसं काहीच झालेलं नव्हतं. या तीन तक्रारींची कारणं तीन वेगळी होती. विंडोज बदलल्यावर ज्यांच्या घरी असं होतं, त्यांच्यासाठी तो सगळा शोध क्रमाने सांगतो. सुरुवातीलाच एक विनंती: व्हिडिओ चालत नाही म्हणून तो डिलीट करू नका आणि घाईने कोणत्याही सॉफ्टवेअरमधून 'रिपेअर' करायला जाऊ नका.

जंगर आणि त्यावरचा माल

आगरदांड्याहून राजपुरीची खाडी ओलांडून दिघीला जंगर जातो. त्यावर मोटारसायकली असतात, गाड्या असतात, माणसं असतात. धक्क्यावरून नुसतं "जंगर आला" म्हटलं, तर आत काय आहे ते कळत नाही.

व्हिडिओ फाइलचंही असंच आहे. नावाच्या शेवटी असणारं एमपी४, एमकेव्ही किंवा एमओव्ही म्हणजे फक्त जंगर. त्यात चित्र एका पद्धतीने दाबून भरलेलं असतं आणि आवाज दुसऱ्या पद्धतीने. दाबण्याच्या आणि उलगडण्याच्या या पद्धतीला कोडेक म्हणतात. चित्रासाठी एच.२६४ किंवा एचईव्हीसी, आवाजासाठी एएसी किंवा एसी-३, अशी त्यांची नावं. म्हणून एक एमपी४ सुरळीत चालते आणि शेजारची दुसरी एमपी४ चालत नाही, यात नवल नाही. जंगर सारखा असला तरी माल वेगळा असतो.

विंडोजचा स्वतःचा मीडिया प्लेयर माल उतरवण्यासाठी विंडोजमध्ये असलेल्या कोडेकवर अवलंबून असतो. विंडोज नव्याने टाकलं की आधी जमा झालेले कोडेक आणि प्लेयर पुसले जातात. फाइल तीच राहते, ती वाचणारा मात्र निघून गेलेला असतो.

पहिली तपासणी

कोणतीही सेटिंग बदलण्याआधी तीन प्रश्न विचारावेत. सगळेच व्हिडिओ अडतात की ठरावीकच? चित्र जातं, आवाज जातो, की दोन्ही अडखळतात? आणि तीच फाइल दुसऱ्या प्लेयरमध्ये चालते का?

तिसऱ्या प्रश्नासाठी व्हीएलसी हा प्लेयर उत्तम. नारिंगी-पांढऱ्या शंकूच्या चिन्हाचा हा मोफत प्लेयर पॅरिसच्या एका अभियांत्रिकी कॉलेजातल्या विद्यार्थ्यांच्या प्रकल्पातून वाढला. तो आपले कोडेक सोबत घेऊन येतो, विंडोजकडे मागत नाही. त्यामुळे निदान सोपं होतं. विंडोजच्या प्लेयरमध्ये अडणारी फाइल व्हीएलसीमध्ये चालली, तर फाइल निरोगी आहे आणि विंडोजकडे कोडेक नाही. दोन्हीकडे अडखळली, तर संशय ड्रायव्हरवर किंवा फाइलवर घ्यायचा.

व्हीएलसी फक्त व्हिडिओलॅन या संस्थेच्या मूळ संकेतस्थळावरून घ्या. २०२२मध्ये फेब्रुवारीपासून नोव्हेंबरपर्यंत ते संकेतस्थळ भारतात बंद केलेलं होतं. आता ते उघडं आहे, त्यामुळे भलत्याच ठिकाणाहून हा प्लेयर उतरवण्याचं कारण उरलेलं नाही.

व्हीएलसीमध्ये व्हिडिओ चालू असताना कंट्रोल आणि जे ही बटणं एकत्र दाबली, की एक खिडकी उघडते आणि जंगरावरचा माल कळतो. मामांच्या फाइली आम्ही अशाच एकेक करून तपासल्या.

चित्र आहे, आवाज नाही

लग्नाचा व्हिडिओ मुळात डीव्हीडीवर होता. दादाने तो मागे कधीतरी एमकेव्ही करून हार्ड डिस्कवर ठेवला होता.

आवाज नसला की आधी सोपं कारण बघावं. नव्या विंडोजमध्ये आवाज कधी कधी स्पीकरऐवजी एचडीएमआय वायरीतून मॉनिटरकडे जात असतो. खाली उजवीकडच्या स्पीकरच्या चिन्हावर क्लिक करून आवाज कुठून बाहेर पडतोय ते निवडता येतं. मामांच्या मशीनवर गाणी नीट वाजत होती, म्हणजे स्पीकर बरोबर होते.

व्हीएलसीच्या खिडकीत आवाजापुढे एसी-३ दिसलं. डॉल्बीची ही पद्धत डीव्हीडीवर सर्रास वापरली जाते. विंडोज ११च्या २४एच२ या आवृत्तीपासून, विंडोज नव्याने टाकलं तर एसी-३ सोबत येत नाही. जुन्यावरून नुसतं अपग्रेड केलं असतं, तर ही अडचण आली नसती. फॉरमॅट केल्यामुळे ती आली. यावर खर्च काहीच नाही. फाइलवर उजवं क्लिक करून 'ओपन विथ'मध्ये व्हीएलसी निवडायचं आणि कायम हाच प्लेयर वापरायचा, असं सांगायचं.

फाइल उघडतच नाही

दादाचे व्हिडिओ एचईव्हीसी पद्धतीचे निघाले. हिलाच एच.२६५ म्हणतात. २०१३मध्ये प्रमाणित झालेली ही पद्धत त्याच दर्जाचं चित्र एच.२६४च्या जवळपास निम्म्या जागेत बसवते. आयफोन २०१७पासून ती वापरतात आणि पुष्कळ अँड्रॉइड फोनमध्येही ती असते.

या पद्धतीवर अनेक कंपन्यांचे पेटंट हक्क आहेत आणि ती वापरण्यासाठी शुल्क भरावं लागतं. म्हणून मायक्रोसॉफ्टने २०१७च्या अखेरीस तिचा कोडेक विंडोजमधून काढून वेगळा केला. मायक्रोसॉफ्ट स्टोअरवर 'एचईव्हीसी व्हिडिओ एक्स्टेन्शन्स' या नावाने तो अल्प किमतीत मिळतो. फक्त बघायचं असेल तर व्हीएलसी पुरे. विंडोजच्या फोटो ॲपमध्येही व्हिडिओ दिसायला हवेत किंवा काटछाट करायची असेल, तर ते एक्स्टेन्शन घ्यावं.

पुढच्यासाठी उपाय फोनमध्येच आहे. आयफोनच्या सेटिंग्जमध्ये कॅमेरा, मग फॉरमॅट्स, आणि तिथे 'मोस्ट कम्पॅटिबल' निवडलं की नेहमीचे व्हिडिओ एच.२६४मध्ये निघतात. जागा जास्त लागते, पण ते जवळपास कुठेही चालतात.

चित्र अडखळतं

कीर्तनाची अडचण कोडेकची नव्हती. व्हिडिओ उलगडणं हे जड काम आहे. सेकंदाला पंचवीस-तीस चित्रं मांडायची असतात. त्यासाठी ग्राफिक्स चिपमध्ये वेगळी सोय असते, पण ती चिप वापरायला तिचा ड्रायव्हर लागतो. ड्रायव्हर नसेल तर सगळं ओझं मुख्य प्रोसेसरवर पडतं. मग पंखा घरघरतो आणि चित्र अडखळतं.

स्टार्टच्या बटणावर उजवं क्लिक करून डिव्हाइस मॅनेजर उघडा आणि 'डिस्प्ले ॲडाप्टर्स' बघा. तिथे इंटेल, एएमडी किंवा एनव्हिडिया यांचं नाव हवं. मामांच्या मशीनवर 'मायक्रोसॉफ्ट बेसिक डिस्प्ले ॲडाप्टर' होतं. म्हणजे विंडोजने तात्पुरती व्यवस्था केली होती आणि खरा ड्रायव्हर टाकायचा राहून गेला होता.

विंडोज अपडेटमध्ये 'ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स' आणि मग 'ऑप्शनल अपडेट्स'मध्ये बरेचदा ड्रायव्हर सापडतो. नसेल तर मशीन किंवा चिप बनवणाऱ्या कंपनीच्या संकेतस्थळावरून घ्यावा. फाइल मोठी असते आणि घरी नेट कमी असेल, तर दुसऱ्या कॉम्प्युटरवर उतरवून पेनड्राइव्हने आणावी. आम्ही तेच केलं. ड्रायव्हर टाकून मशीन एकदा रीस्टार्ट केल्यावर कीर्तन सलग सुरू झालं.

कधी उलटंही होतं. ड्रायव्हर असतो, पण नव्या विंडोजशी जुळत नाही. अशा वेळी पडदा हिरवा किंवा काळा होतो आणि आवाज चालू राहतो. तेव्हा डिव्हाइस मॅनेजरमध्ये त्या ॲडाप्टरच्या 'प्रॉपर्टीज'मधून 'रोल बॅक ड्रायव्हर' करून बघावं. तोवर व्हीएलसीच्या प्रेफरन्सेसमध्ये 'इनपुट / कोडेक्स'खाली हार्डवेअरची मदत बंद करता येते. क्रोममध्येही 'सिस्टिम' या भागात ग्राफिक्स ॲक्सलरेशन बंद करायची सोय आहे.

काय टाळावं

'सगळे कोडेक एकाच पॅकमध्ये' देणारी सॉफ्टवेअर घेऊ नका. ती विंडोजच्या कोडेकशी भांडतात आणि अनोळखी ठिकाणाहून घेतली तर व्हायरसही आणतात. व्हिडिओ उघडल्यावर 'हा प्लेयर डाउनलोड करा' असं सांगणारी फाइल तर लगेच बंद करा.

फॉरमॅट न करता अपग्रेड केलं असेल आणि काहीच जमत नसेल, तर सेटिंग्जमधल्या 'रिकव्हरी'तून मागच्या विंडोजवर परत जाता येतं. त्यासाठी साधारण १० दिवसांची मुदत असते, म्हणून अपग्रेडनंतर पहिल्याच आठवड्यात घरातले व्हिडिओ चालवून बघावेत. ज्यांचं जुनं मशीन विंडोज ११ला चालत नाही आणि जे लिनक्स मिंटकडे वळतात, त्यांनी मिंट टाकतानाच 'मल्टिमीडिया कोडेक्स'च्या चौकटीत खूण करावी. बहुतेक अडचणी तिथेच सुटतात.

सर्वांत शेवटी, एक प्रत

लग्नाच्या व्हिडिओची मूळ फाइल आहे तशीच ठेवली. हँडब्रेक या मोफत सॉफ्टवेअरने तिची दुसरी प्रत केली: एमपी४, चित्र एच.२६४, आवाज एएसी. डीव्हीडीच्या चित्रासाठी त्यात 'फास्ट ५७६पी२५' नावाची तयार सेटिंग आहे. ही प्रत मामांच्या टीव्हीवर चालते, मामीच्या फोनवरही चालते. एक पेनड्राइव्ह ताईकडे दिला. मूळ डीव्हीडी टाकून दिली नाही, पण खाडीकाठच्या खाऱ्या, दमट हवेत तिच्या एकटीच्या भरवशावर राहायचं नाही, हे ठरलं.

संध्याकाळी मामी पडद्यासमोर बसली. मांडवामागची नारळाची झाडं दिसली. त्यातली बरीच ३ जून २०२०च्या निसर्ग वादळात आडवी झाली. मग लग्नातली गाणी म्हणणाऱ्या धवलारणीने हळदीचा धवला उचलला. ती आता नाही, तिचा आवाज आणखी कुठेही नाही. मामीने मला आवाज वाढवायला सांगितलं आणि तिच्यामागोमाग ओठ हलवू लागली.