तिवरांतला शेजारी



गेल्या कार्तिकातील एक संध्याकाळ. सूर्यास्तापूर्वीचे भोजन आटोपून मी सात वर्षांच्या नातीला घेऊन नेहमीप्रमाणे शतपावलीस निघालो होतो. आमच्या उमेळे गावात वस्ती संपते तेथून मिठागराचा बांध सुरू होतो आणि त्यापलीकडे खाडीपर्यंत तिवरांची दाट झाडी आहे. नात एकाएकी थांबली आणि म्हणाली, ''आजोबा, तो कुत्रा कोणाचा?'' आमच्या मागील भिंतीपाशी, अवघ्या पंधरा पावलांवर, पिवळसर करड्या अंगाचा, बारीक पायांचा आणि झुपकेदार शेपटीचा एक प्राणी उभा होता. शेपटीचे टोक काळे होते. त्याने क्षणभर आमच्याकडे पाहिले, भिंतीखालचे काहीतरी तोंडात धरले आणि तो बांधावरून झाडीत दिसेनासा झाला. तो कुत्रा नव्हता, कोल्हा होता.

दुसऱ्याच रविवारी आमच्या गृहसंकुलाची सभा भरली. सकाळी दूध आणावयास जाणाऱ्या दोघा-तिघांनाही कोल्हा दिसला होता. लहान मुलांचे आईवडील घाबरलेले होते. एका सदस्याने रागाच्या भरात सुचविले की, खाद्यात विष घालून बांधावर ठेवावे, म्हणजे प्रश्न कायमचा मिटेल. सभेत आम्ही जैन कुटुंबे पुष्कळ होतो. त्या सूचनेने अंगावर शहारा आला, पण 'मग करावयाचे काय?' या प्रश्नाचे उत्तर आमच्यापैकी एकाजवळही नव्हते. पस्तीस वर्षे बँकेत कर्जप्रकरणे तपासण्यात गेली असल्याने, पूर्ण कागद पाहिल्याखेरीज निर्णय देऊ नये ही सवय अंगी मुरलेली आहे. मी सभेकडून पंधरा दिवसांची मुदत मागून घेतली. त्या पंधरा दिवसांत जे वाचले, विचारले आणि पाहिले, ते येथे मांडीत आहे.

आपल्याकडील हा प्राणी म्हणजे सोनेरी कोल्हा. त्याचे वजन साधारणतः आठ ते दहा किलो, म्हणजे मध्यम बांध्याच्या गावठी कुत्र्यापेक्षाही कमी. आग्नेय युरोपपासून आग्नेय आशियापर्यंत त्याची वस्ती आहे. उंदीर, खेकडे, मासे, किडे, पडलेली फळे, मेलेली जनावरे असे जे मिळेल ते तो खातो. जोडीने राहतो आणि पिलांचे संगोपन नर व मादी दोघेही करतात. मुंबई, ठाणे, नवी मुंबई आणि आमची वसई येथील खाडीकाठची तिवरे, ज्यांना शासकीय भाषेत कांदळवन म्हणतात, हे त्याचे आश्रयस्थान आहे. मिठागरावरील एका वृद्ध कामगाराने मला सांगितले की, उधाणाच्या भरतीला तिवरांत पाणी चढले की कोल्हे कोरड्या बांधावर येतात आणि हे ते लहानपणापासून पाहत आले आहेत. कोल्हा आमच्या वस्तीत शिरलेला नव्हता. आमचीच वस्ती सरकत सरकत त्याच्या बांधापर्यंत गेली होती.

हा अनुभव केवळ आमच्याच गावाचा नाही. खारघर परिसरातील वसाहतींजवळ कोल्हे दिसल्याच्या बातम्या अलीकडे वारंवार येतात. खुद्द वसईत मार्च २०२४ च्या अखेरीस किल्ला परिसरात बिबट्या दिसला आणि वनखात्याने एप्रिलमध्ये त्याला पिंजऱ्यात पकडेपर्यंत सारा तालुका धास्तावलेला होता. माझी कन्या शिकागोच्या उपनगरात राहते. तिच्या घरामागे कोल्ह्याचा अमेरिकन भाऊबंद, कोयोटी, नित्य दिसतो. तेथे ओहायो राज्य विद्यापीठाचे संशोधक प्रा. स्टॅन्ली गेर्ट यांनी सन २००० पासून कोयोटींच्या गळ्यात रेडिओ पट्टे बांधून अभ्यास चालविला आहे. त्यातून असे दिसले की, महानगरातही या प्राण्यांचे मुख्य अन्न उंदीर-घुशींसारखे छोटे जीवच असतात आणि बहुतेक कोयोटी माणसाला टाळूनच राहतात. मनुष्याच्या अंगावर येण्याइतपत धीट होतात ते बहुधा माणसाच्या हातचे अन्न खाऊन सोकावलेले.

हे वाचले आणि मला आमची भिंत आठवली. गेली चार वर्षे माझी सौभाग्यवती रोज सायंकाळी उरलेल्या पोळ्या व भात त्या भिंतीखाली ठेवीत असे. अन्न वाया जाऊ नये आणि मुक्या जीवांच्या पोटात जावे, हा तिचा हेतू अत्यंत निर्मळ. मीही त्यास जीवदयाच समजत होतो. परंतु त्या अन्नावर आधी कावळे व कुत्री आली, मग उंदीर आले आणि शेवटी उंदरांमागून व पोळ्यांसाठी कोल्हा आला. ज्या भीतीचे खापर सभा कोल्ह्यावर फोडू पाहत होती, तिचे निमंत्रण आमच्याच घरातून गेले होते. हे पत्नीला सांगणे सोपे नव्हते. ती बराच वेळ गप्प राहिली. मग इतकेच म्हणाली, ''दया केली, पण जयणा राहिली.''

त्या एका वाक्यात सारे आले. उज्जयिनीजवळ ध्यानस्थ असलेल्या अवंतीसुकुमाल मुनींचे शरीर कोल्हीण व तिची पिले रात्रभर खात राहिली, तरी मुनींचा समभाव ढळला नाही, ही कथा आपण प्रवचनांतून ऐकली आहे. तो समभाव मुनींचा. आपण गृहस्थ आहोत आणि घरात मुलेबाळे आहेत. आपल्या वाट्याला येते ती जयणा, म्हणजे प्रत्येक कृती जपून आणि परिणाम ओळखून करणे. वन्य जीवाला माणसाच्या अन्नाची सवय लावणे म्हणजे त्याला मोटारीखाली, कुत्र्यांच्या टोळीपुढे किंवा विषाच्या गोळ्यापर्यंत नेऊन सोडणे होय. दान करावयाचे असेल तर पांजरपोळ आहे, गोशाळा आहे.

भीती मात्र सर्वस्वी निराधार नाही. २०२४ मध्ये चेंबूर-ट्रॉम्बे भागातील मृत कोल्ह्यांच्या तपासणीत रेबीज आढळला होता. दिवसाढवळ्या झोकांड्या देत फिरणारा, लाळ गाळणारा, माणसाला न भिणारा कोल्हा दिसल्यास जवळ जाऊ नये. वनखात्याच्या १९२६ या क्रमांकावर कळवावे. कोणत्याही प्राण्याने चावा घेतल्यास जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवावी. हळद, चुना, तिखट असले काहीही लावू नये. त्याच दिवशी रुग्णालय गाठून प्रतिबंधक लस व डॉक्टर सांगतील ते इंजेक्शन घ्यावे. या रोगाची लक्षणे एकदा दिसू लागली की रुग्ण बहुधा हाती लागत नाही, म्हणून 'उद्या पाहू' हा शब्द येथे वर्ज्य समजावा.

निरोगी कोल्हा समोर आला तर पळू नये, पाठ फिरवू नये. उभे राहावे, टाळ्या वाजवाव्यात, मोठ्याने बोलावे. तो स्वतःच निघून जातो. त्याचा वावर मुख्यत्वे तिन्हीसांजेस व पहाटे असतो. नेमकी तीच आपल्या शतपावलीची, देवदर्शनाची आणि साधु-साध्वींच्या विहाराची वेळ. विहारात सोबत चालणाऱ्या श्रावकांनी खाडीकाठच्या रस्त्याने हाती विजेरी ठेवावी आणि लहान मुलांना पुढे एकटे पळू देऊ नये.

व्यापारी बंधूंना आणखी एक गोष्ट आवर्जून सांगावयाची आहे. मी शाखाधिकारी असताना एका ग्राहकाने लॉकर उघडून लाल फडक्यात गुंडाळलेली केसाळ वस्तू मोठ्या श्रद्धेने मला दाखविली होती. ''साहेब, हे कोल्ह्याचे शिंग. तिजोरीत असले की लक्ष्मी हलत नाही.'' त्या वेळी मी हसून गप्प बसलो, याची आज खंत वाटते. कोल्ह्याला शिंग नसतेच. बाजारात शिंग म्हणून जे खपविले जाते, ते एक तर बनावट असते, नाही तर एखाद्या मारलेल्या जिवाचे हाड-कातडे असते. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ अन्वये कोल्ह्याची शिकार व त्याच्या अवयवांचा व्यापार हा गुन्हा आहे. दिवाळीच्या चोपडापूजनात अशी वस्तू ठेवणारा अहिंसेला आणि कायद्याला, दोहोंनाही एकाच वेळी तोटा करतो. सभेत सुचविलेले विषही याच कायद्याच्या कक्षेत येते.

पंधरा दिवसांनी सभेपुढे मी हे सारे ठेवले आणि प्रारंभी आमच्या भिंतीची कबुली दिली. ठराव असा झाला : ओला कचरा झाकणाच्या डब्यात आणि सूर्यास्तापूर्वी बाहेर, समारंभाचे उरलेले अन्न बांधावर टाकावयाचे नाही, मागील वाटेवर दोन दिवे, आणि विषाची सूचना इतिवृत्तात 'अमान्य' अशी नोंदवावयाची. सूचना मांडणाऱ्या सदस्यानेच दिव्यांचा खर्च उचलला.

पत्नीने भिंतीखाली पोळी ठेवणे त्याच दिवशी थांबविले. पहिले काही दिवस कोल्हा येऊन भिंत हुंगून गेला. पौष उजाडेपर्यंत त्याचे येणे थांबले. तिवरांतून रात्री कोल्हेकुई मात्र अजून ऐकू येते. परवा नातीने विचारले, ''आजोबा, त्याला भूक लागली असेल का?'' मी म्हटले, ''त्याच्या ताटात खाडीचे खेकडे आहेत. आपण त्याची झाडी तेवढी राहू द्यायची.'' तिला ते पटले. ती पांघरूण ओढून झोपली.