वासरांचा ट्रक

बकरी ईदच्या आठ-दहा दिवस आधी आमच्या मोहल्ल्यात बकऱ्यांचे टेम्पो यायला लागतात. दोन वर्षांपूर्वी असाच एक टेम्पो दारासमोर थांबला. जनावरं एकमेकांवर रेटलेली, काहींच्या जिभा बाहेर. आमची धाकटी बादली भरून धावली. पहिल्या बोकडाने बादलीत तोंड घातलं ते ती रिकामी होईपर्यंत काढलं नाही. "अम्मी, याला रस्त्यात कुणीच पाणी दिलं नाही का?" तिने विचारलं. आमच्याकडे उत्तर नव्हतं. मुलांना रोज वर्गात उत्तरं देणाऱ्या माणसाला घरच्याच मुलीपुढे गप्प बसावं लागलं.

म्हणूनच की काय, अमेरिकेतल्या विल हॅरिस या पशुपालकाची हकीकत वाचताना एका जागी आम्ही अडखळलो. ती जागाही एका गाडीचीच आहे.

जॉर्जिया राज्याच्या नैर्ऋत्येला ब्लफ्टन नावाचं चिमुकलं गाव आहे. विल यांचे पणजोबा १८६६ साली, तिथलं यादवी युद्ध संपल्यावर, इथे शेती करू लागले. गुरं गवतावर वाढायची आणि मांस गावातच विकलं जायचं. दुसऱ्या महायुद्धानंतर वडिलांच्या काळात चित्र पालटलं. दारूगोळ्यासाठी अमोनियम नायट्रेट बनवणारे कारखाने तेच रसायन खत म्हणून विकू लागले. कुरण एका पावसात हिरवंगार व्हायचं, मग कोण नको म्हणणार? पुढे विल स्वतः विद्यापीठातून पशुविज्ञान शिकून १९७६ मध्ये बाहेर पडले आणि त्यांनी वडिलांच्याही पुढे मजल मारली. वाढीची संप्रेरकं, प्रतिजैविकं, कीटकनाशकं, मक्याचा खुराक, सगळं काही. थोड्याने फायदा होतो तर जास्त घातल्याने आणखी होईल, असा तेव्हाचा आपला खाक्या होता, हे ते आज मोकळेपणाने सांगतात. आणि पैसाही मिळत होता, हे विसरून चालणार नाही.

मग ती गाडी. नव्वदच्या दशकाच्या मध्यावर एके दिवशी दूरच्या राज्यातल्या गोठ्यांकडे पाठवायची वासरं ते दुमजली ट्रकमध्ये भरत होते. सुमारे तीस तासांचा प्रवास, वाटेत चारा नाही, पाणी नाही, विश्रांती नाही. वरच्या मजल्यावरच्या वासरांचं मलमूत्र खालच्यांच्या अंगावर पडणार. असे ट्रक त्यांनी आधी कितीतरी भरले होते. त्या दिवशी मात्र त्यांना त्याची किळस आली.

इथून पुढचं सोपं नव्हतं. आधी मक्याचा खुराक आणि संप्रेरकं बंद केली, नंतर खतं आणि फवारणी. खताची सवय लागलेलं गवत खत थांबताच खुरटलं. नफ्यातली शेती तोट्यात गेली. बाजारात नुसत्या गवतावर वाढलेल्या मांसाला वेगळा भाव मिळेना, तेव्हा शेतावरच स्वतःचा कत्तलखाना बांधायचं त्यांनी ठरवलं. त्यासाठी मोठं कर्ज काढलं आणि २००८ मध्ये तो सुरू झाला. त्याच्या आखणीत टेंपल ग्रँडिन या प्राणीशास्त्रज्ञ बाईंची मदत होती. जनावर बुजू नये, घाबरू नये, म्हणून वाट कशी वळवावी, उजेड कुठून यावा, याचा अभ्यास त्यांनी आयुष्यभर केला आहे. जनावरासमोर सुरीला धार लावू नये, हे आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. ग्रँडिन बाईंची वळणाची वाट वाचून आम्हाला तेच आठवलं.

मातीचं काय झालं? गुरं एका तुकड्यात थोडा वेळ चरतात आणि पुढे हलवली जातात. त्यांच्यामागून मेंढ्या-बकऱ्या येतात, त्या गुरांनी सोडलेला पाला खातात. मग कोंबड्या येतात, शेण उकरून किडे वेचतात. (शेतावर डुकरंही आहेत, हे सांगून टाकलेलं बरं.) चरून झालेल्या तुकड्याला विसावा मिळतो, मुळं खोल जातात, शेण-मूत जागच्या जागी मुरतं. मातीतला सेंद्रिय अंश एक टक्क्याच्या आसपास होता, तो पाच टक्क्यांवर गेला. हा अंश स्पंजासारखा पाणी धरून ठेवतो.

आपल्याकडच्या शेतकऱ्याला यात फार नवल वाटणार नाही. सुगीनंतर रानात धनगराच्या मेंढ्या बसवायच्या आणि त्याला धान्य किंवा पैसे द्यायचे, हा व्यवहार आपल्या गावांत पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे. आता कुंपणं वाढली, युरियाची गोणी दारात आली, आणि काही गावांत धनगराचा कळप नकोसा पाहुणा झाला आहे.

पण सगळंच गोड आहे असं समजू नये. या शेताच्या २०२० साली प्रसिद्ध झालेल्या शास्त्रीय अभ्यासात असं दिसलं की, नेहमीच्या पद्धतीपेक्षा इथल्या मांसामागे हवेत जाणारा वायू निव्वळ हिशेबात बराच कमी आहे. त्याच वेळी तेवढ्याच मांसासाठी जमीन मात्र अडीचपट लागते. हॅरिस यांच्याकडे हजारो एकर आहेत. आपल्या दोन एकरवाल्याने त्यांचा कित्ता जसाच्या तसा गिरवायला जाणं म्हणजे घर बुडवणं. शिवाय मांस महागही पडतं. रोज स्वस्तात स्वस्त शोधणाऱ्या गिऱ्हाइकाने, म्हणजे आम्हीही, यात आपला वाटा किती, ते पाहायला हवं. आणखी एक गंमत: उघड्यावर फिरणाऱ्या कोंबड्या पाहून तिथे गरुडांचे थवेच उतरले आणि हजारो कोंबड्या फस्त झाल्या.

ब्लफ्टनची वस्ती जेमतेम शंभराची. बंद पडलेलं गावातलं जुनं दुकान हॅरिस कुटुंबाने पुन्हा उघडलं. पूर्वी शेतावर मोजकेच मजूर होते, आता दीडशेच्या वर माणसं कामाला आहेत. विल यांच्या दोन मुली आपापल्या कुटुंबासह तिथेच काम करतात. शिकलेली पोरं शेतीकडे परत येत नाहीत, ही तक्रार आम्ही पालकसभेत दरवर्षी ऐकतो, म्हणून हे मुद्दाम लिहिलं.

यंदा बकरा घ्यायला गेलो तेव्हा भावाआधी आम्ही विचारलं, जनावरं कुठून आणली आणि रस्त्यात किती वेळा उतरवली. व्यापारी हसला. "टीचर, भाव तो सब पूछते हैं, ये पहली बार सुना." मग जरा थांबून म्हणाला, घाटावरच्या बाजारातून रात्री आठला भरली, सकाळी दहाला इथे पोहोचली. मध्ये एकदाही नाही.

धाकटी तोवर बादली घेऊन आली होती.